पन्हळीतली पांढरी रेघ

मित्रांनो, मी पन्हळ आहे. जुनी, बुडाशी चिरलेली आणि स्वभावाने जरा कुरकुरणारी. पत्र्याची नव्हे हो, लाकडाची! भेरलीमाडाचं खोड उभं चिरून, आतला मऊ गाभा तासून काढून मला घडवलं. एका तोंडाने पाणी घ्यायचं आणि दुसऱ्या तोंडाने सोडायचं, एवढंच माझं काम. यात सांगण्यासारखं ते काय, असं तुम्ही म्हणाल. मलाही पूर्वी तसंच वाटे.

माझी उमेदीची वर्षं अलिबागजवळ नागावात, एका मोठ्या वाडीत गेली. राहाटाचे लोटे विहिरीतून भरून वर येत, माझ्यात रिते होत आणि मी ते पाणी पोफळींच्या आळ्यांत पोचवी. वाडीचे मालक पाहुण्यांना मला दाखवत आणि म्हणत, "अशी पन्हळ आता होणे नाही." मी अगदी फुगून जाई. मग एका उन्हाळ्यात माझ्या बुडाशी चीर गेली. पाणी वाटेतच गळू लागलं, आणि त्याच मालकांनी मला कुंपणाकडे फेकायला सांगितलं. दोन वर्षं मी तिथे पालापाचोळ्यात पडून होते. माझ्या पोटात गोमा राहू लागल्या. राहाटाची कुरकुर दुरून ऐकू येई आणि माझा नुसता जळफळाट होई.

तिथून मला उचललं ते मैनाने. १९२६ सालची गोष्ट. मैना आणि तिचा नवरा चंदर पेणच्या खाडीकडून नागावात नव्याने आली होती. दोघंही जन्मापासून मिठागरावरची. मिठागरावर जिकडे बघावं तिकडे पाणी, पण प्यायला घोटभर मिळायचं नाही. प्यायचं पाणी होडीतून येई. एका वर्षी होडी चार दिवस आलीच नाही. लोक डबक्यातलं पाणी प्याले, आणि चंदर-मैनाची दोन वर्षांची कमळ हगवणीने गेली.

तेव्हापासून मैनाने मनाशी एकच धरलं होतं. मला घासता-पुसताना ती स्वतःशीच बोले, "दुसरं पोर व्हईल तं गोड्या पान्याच्या विहिरीवर. न्हाय तं नको मला पोर." तिच्या या हट्टापायी चंदरने मिठागर सोडलं, भावापासून वेगळा झाला आणि नागावच्या त्या वाडीत मजुरीला राहिला.

मालकांनी त्याला वाडीच्या कडेची पडीक वाळूची जागा दाखवली आणि अट सांगितली, "पाच वर्षांत इथे पंचवीस माड उभे करून दाखव. जागा तुझी. नाही जमलं तर चालता हो."

चंदर मैनाला म्हणाला, "बघू, नेट लावू. न्हायच जमलं तं मिठागर कुठं पळून जातंय?"

तो आपला सहज बोलून गेला. मैनाच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. परत तिथे जायचं, जिथे कमळला पुरलं तिथे? ती त्या दिवशी जेवली नाही.

घराच्या आधी त्यांनी विहीर खणली. चंदर खाली खणायचा, मैना वर वाळू ओढायची. दोन पुरुष खोलीवर पाणी लागलं. चंदरने लोटा भरून वर पाठवला. मैनाने एक घोट घेतला आणि काठावरच बसून ढसाढसा रडली. "गोड हाय," ती म्हणाली, "अवो, गोड हाय!"

चंदर खालून हसला. "मला तं समदं पानी सारखंच लागतं गो!" थट्टा नव्हती ती. पोरवयापासून मिठात राबून त्याच्या जिभेची चवच मेली होती. कालवणात मीठ कमी पडलं की जास्त, त्याला कधी कळत नसे.

मग मैनाने घर मांडलं. कुडाच्या भिंती, वर झापांचं छप्पर. हातात काही नव्हतं, म्हणून तिने काहीच वाया जाऊ दिलं नाही. करवंट्यांचे डाव केले, फुटक्या मडक्यांत मिरच्या लावल्या, कोळ्यांनी टाकून दिलेलं जाळं धुऊन त्यावर पडवळ चढवलं. चुलीची राख वांग्यांना, मासे धुतलेलं पाणी भोपळ्याला. असंच काही शोधत ती कुंपणाशी आली आणि तिला मी सापडले. तिने माझ्यातल्या गोमा झटकल्या, चिरेत काथ्या ठासला, वरून होडीला फासतात ती राळ फासली. माझं एक तोंड विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडाशी लावलं, दुसरं भाजीच्या आळ्यात. तांदळाचं धुवण, भांड्यांचं पाणी, अंघोळीचं पाणी, सगळं माझ्यातून भाजीला जाई. पोफळींना पाणी देणारी मी, आता वांग्यांना खरकटं पाणी देत होते. पण खरं सांगू? मला तिथे जास्त बरं वाटे. मैना रोज संध्याकाळी मला फडक्याने पुसून कोरडी करी. राहाटावर मला कुणी कधी पुसलं नव्हतं.

शेजारी गोदूकाकी राहत. विधवा बाई, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. मैनाला अळवाचे कंद त्यांनी दिले, पडवळाचं बी त्यांनीच दिलं, आणि वर टोमणाही दिला, "मिठागरवाली भाजी पिकवणार म्हणे! खारी वांगी लागतील गो बाय तुझ्या झाडांना!" दोघी खूप हसल्या होत्या. मीही हसले असते, हसता आलं असतं तर.

दुसऱ्या वर्षी वैशाखात माड लावायचे ठरले. आमच्याकडे माडाच्या खड्ड्यात राखेबरोबर थोडं मीठ टाकायची रीत आहे. वाळवी लागत नाही म्हणतात. गोदूकाकींनी चंदरला नीट समजावून सांगितलं, "एका खड्ड्याला दोन ओंजळी. बस्स, जास्ती नको."

चंदरने मान हलवली, पण त्या गेल्यावर मैनाला म्हणाला, "लोक इकत घेतात, म्हनून दोन ओंजळी. आपल्याला मिठाला काय तोटा? दुसरं काय न्हाय आपल्याकडं, पन मीठ तं हाय!" हे वाडीतल्या दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. वाडीवाला मीठ जपून वापरतो. पण ज्याने जन्मभर मीठच पिकवलं, त्याला मिठाची कसली भीती?

त्याने भावाला निरोप धाडला. भाऊ अनंता अजून मिठागरावरच होता. तो होडी भरून तळाचं मातट मीठ घेऊन आला. मिठावर तर सरकारचा कर. कर न भरता मीठ हलवलेलं उघडकीला आलं तर हातात बेड्या. म्हणून अनंताने होडीत वरून पेंढा टाकला होता. चंदरने प्रत्येक खड्ड्यात पाटी पाटी मीठ ओतलं. उरलं त्याचा ढीग घरामागे, विहिरीला लागूनच घातला आणि पेंढ्याने झाकला. तेवढी एकच जागा रस्त्यावरून दिसत नव्हती. मैना पाहत होती. तीही मिठागरवालीच. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पावसाळा आला आणि गेला. ढीग निम्म्यावर आला होता. पेंढा दबला असेल, असं चंदरला वाटलं. मैनाला तेव्हा दिवस गेले होते. ती गात गात काम करी, आणि मला वाटे, लागलं बाई हिचं घर मार्गी.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी माझ्यातलं पाणी सुकलं आणि माझ्या तळाला एक पांढरी रेघ उमटली. मैना मला पुसायला आली आणि थबकली. तिने नखाने रेघ खरवडली, जिभेवर ठेवली. मीठ ओळखायला तिला किती वेळ लागणार? ती विहिरीशी गेली, पोहरा टाकला, एक घोट घेतला आणि थुंकला. मग दुसरा घोट घेतला. तोही थुंकला. "मेले मी," ती म्हणाली. ओल्या फडक्याने तिने मला घासघासून पुसलं, ती रेघ पार जाईपर्यंत.

संध्याकाळी चंदर आला. माझ्याशेजारी उभा राहून त्याने पाय धुतले, चूळ भरली. त्याला काही कळलं नाही. ती सांगेल, आता सांगेल, म्हणून मी वाट पाहत राहिले. तिने भात वाढला आणि विचारलं, "माड कसं हायत?"

तिने का सांगितलं नाही ते मला ठाऊक आहे, कारण रात्रंदिवस ती तेच पुटपुटे. विहीर बिघडली म्हटलं की चंदर हाय खाणार आणि म्हणणार, चल परत मिठागरावर. ती परत जाणार नव्हती. मेली तरी जाणार नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे गोदूकाकींच्या विहिरीवरून पाणी आणू लागली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. गोदूकाकींनी विचारलं, "अगो, दारात विहीर असून माझ्याकडं कशाला येतेस?"

"तुमच्या विहिरीचंच पानी प्यावंसं वाटतंय काकी."

गोदूकाकींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या खुदकन हसल्या. "डोहाळे गो! खुशाल ने. हवं तेवढं ने." मैनाही हसली. घरी येऊन तिने ते पाणी पिण्याच्या माठात ओतलं आणि विहिरीचं पाणी म्हणून चंदरला दिलं.

भाजी मात्र मरू लागली. वांग्यांची पानं कडेने करपली, पडवळ जाळ्यावरच माना टाकून वाळला. तो मी मारला, मित्रांनो. तेच पाणी माझ्यातून जात होतं आणि मला ते अडवता येत नव्हतं. मैनाने चंदरला सांगितलं, कीड पडली. दारापुढचं अळू आणि मिरच्या तेवढ्या तिने आणलेल्या पाण्यावर जगवल्या, चंदरला हिरवं दिसावं म्हणून. त्यासाठी रोज आणखी दोन खेपा.

माड मात्र खाऱ्या पाण्याला दाद देत नाहीत. त्यांना नवे कोंब फुटले. चंदर त्यांच्यापुढे उभा राहून हरखून म्हणाला, "बघ गो, मीठ कसं मानवलंय! अनंताला दुसरी होडी आनायला सांगतो."

"पुरं आता मीठ," मैना घाईने म्हणाली.

"पुरं कसं? मैने, हे माड लागले ना, तं मी मिठागराचं नाव काढनार न्हाय बघ. आन मेले, तं मग तिकडंच जावं लागंल आपल्याला."

तिचं तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. तिने ते मिटलं आणि ती आत गेली.

चैत्रात दुसरी होडी आली. पहिल्यापेक्षा मोठा ढीग विहिरीशेजारी पडला. मैनाला सातवा लागला होता. आता एक पावसाळा त्या ढिगावर पडला की विहीर कायमची गेली, हे तिला स्वच्छ दिसत होतं. बरं, मदतीला कुणाला हाक मारावी, तर मीठ चोरटं. गोदूकाकींच्या तोंडून गावभर झालं तर चंदर तुरुंगात. तिने कुणाला हाक मारली नाही.

चंदर कामाला गेला की ती पाटी घेई, पेंढा बाजूला सारी, मीठ भरी, वर पालापाचोळा पसरी आणि डोक्यावर घेऊन समुद्राकडे जाई. पाण्यात ओतून परत येई. पुन्हा पाटी. ढीग खचलेला दिसू नये म्हणून तिने आत नारळाची सोडणं भरली आणि वरून पेंढा पूर्वीसारखा बसवला. चंदरला ढीग जसाच्या तसा दिसे. मिठागरावर ज्या मिठाच्या पाट्या वाहून वाहून तिची मान वाकडी झाली होती, त्याच पाट्या ती पुन्हा वाहत होती, आणि तेही पोट पुढे आलेलं असताना. "बस कर गं बाई," मी रोज म्हणे. माझं ऐकणार कोण? बसली की उठताना ती माझ्यावर हात टेकी. तो हात मिठाने फुटलेला असे.

महिनाभर हे चाललं. ढिगाचा तिसरा हिस्सा उरला होता तेव्हा, वैशाखातल्या एका सकाळी, पाटी डोक्यावर घेताना ती धुण्याच्या दगडाशी कोसळली. मीठ माझ्यावर सांडलं. "काकी!" ती ओरडली. गोदूकाकी धावत आल्या, त्यांनी तिला आत नेलं आणि रस्त्याने जाणाऱ्या एका बाईला चंदरकडे पिटाळलं.

कुडाच्या भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं. दुपारी मूल रडलं. मुलगी होती, महिनाभर आधी आलेली, पण जिवंत. मैनाचं रक्त मात्र थांबेना. गोदूकाकी फडकी बदलत राहिल्या. चंदर धापा टाकत आला आणि दारातच बसला.

"पानी," मैना म्हणाली.

माठ रिकामा होता. त्या पहाटे तिच्याने गोदूकाकींच्या विहिरीपर्यंत चालवलं नव्हतं. चंदर धावत आपल्या विहिरीवर आला, त्याने पोहरा ओढला, लोटा भरला आणि तो आत गेला. मला ओरडायचं होतं. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि लोटा तिच्या तोंडाला लावला. ती प्याली. चूळ टाकली नाही, तोंड फिरवलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "कसं हाय गो?"

"गोड हाय," मैना म्हणाली.

गोदूकाकींनी बाळाचे ओठ ओले करायला लोट्यात बोट बुडवलं आणि सवयीने आधी स्वतःच्या जिभेला लावलं. "अरे, हे काय पाजलंस तिला?"

"आपल्या विहिरीचं पानी हाय, काकी."

"खारं हाय रे मेल्या! हे खारं हाय!"

चंदर लोट्याकडे बघत राहिला. त्यानेही एक घोट घेतला. त्याला काहीच कळेना. "मैने," तो म्हणाला, "खारं हाय व्हय गो? मैने, सांग की!" मैनाने डोळे मिटले होते. दिवेलागणीच्या सुमाराला ती गेली.

तेरावं झाल्यावर गोदूकाकींनी चंदरला पाण्याच्या खेपांबद्दल सांगितलं. तो उठून घरामागे आला आणि त्याने ढिगावरचा पेंढा ओढला. आतून सोडणं घरंगळली. एक सोडण हातात घेऊन तो माझ्याशेजारी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी त्याच्यावर चिडले होते. आता त्याच्यावर चिडावं की तिच्यावर, ते मला समजेना. मी तेव्हा खूप रडले असते, मित्रांनो, पण माझ्यात पाणी दुसऱ्यानेच ओतावं लागतं.

उरलेलं मीठ त्याने भरदिवसा, उघड्या पाटीने समुद्रात नेऊन ओतलं. बेड्या पडतील याची त्याला पर्वा उरली नव्हती. सगळ्या गावाने पाहिलं आणि कुणी तोंड उघडलं नाही. मग त्याने मला उचलून छपराच्या वळचणीखाली बांधलं, दुसरं तोंड विहिरीवर सोडलं. चार पावसाळे मी छपराचं पाणी विहिरीत ओतत होते आणि तो ते उपसून लांब टाकत होता. इतकं केल्यावर विहीर पुन्हा गोड झाली.

मालक अट विसरले नव्हते. पाच वर्षं भरल्यावर ते आले आणि माड मोजले. पंचवीसच्या पंचवीस जिवंत होते. "शाबास, जागा तुझी झाली," ते म्हणाले. चंदर "बरं" म्हणाला आणि आत निघून गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका. मी तसं काही मागत नाही. माझी चीर पुन्हा उघडली आहे, पुढच्या हिवाळ्यात मी चुलीत जाईन. जाऊ दे. माझं मागणं वेगळं आहे. मला दोन तोंडं आहेत आणि बोलता एकानेही येत नाही. तुम्हाला बोलता येतं. घरात कुणी एकटंच जड काही उचलत असेल तर त्याला विचारा. आणि तुम्हीच उचलत असाल, तर समोरच्याला वाईट वाटेल, तो भलतंच काही ठरवेल, म्हणून गिळून टाकू नका. मैनाने चंदरला काही कळू दिलं नाही. त्याने त्याचं भलं झालं का, तुम्हीच सांगा.

ती मुलगी, सोनू, आता आठ वर्षांची आहे. गोदूकाकींनी तिला शेळीच्या दुधावर वाढवलं. रोज सकाळी चंदर विहिरीतून ताजं पाणी काढतो, पहिला लोटा तिच्या हातात देतो आणि तिच्यासमोर उकिडवा बसतो.

"कसं हाय गो पानी?" तो विचारतो.

"गोड हाय, बा."

तो उठत नाही. तिच्या तोंडाकडे बघत तसाच बसून राहतो आणि पुन्हा विचारतो, "सोनू, खरं सांग."